मनसर ते डोंगरी बुजुर्ग: मँगनीजच्या पट्ट्याचा भूशास्त्रीय अभ्यास पायरी-पायरीने

खनिजसाठ्याचा अभ्यास म्हटले की बहुतेक विद्यार्थी थेट खदानीकडे धावतात. काळा, जड तुकडा हातात आला की काम सुरू झाले असे वाटते. पण खदानीच्या तोंडाशी उभे राहून त्या साठ्याबद्दल फार थोडे कळते. मँगनीज याच टेकडीत का, शेजारच्या टेकडीत का नाही, आणि हा थर जमिनीखाली कोणत्या बाजूला गेला असेल, या प्रश्नांची उत्तरे खदानीच्या बाहेर, कोणी ढुंकूनही न पाहणाऱ्या खडकांत असतात. त्यामुळे या लेखातला क्रम आधी परिसर, मग खडक, मग त्यांच्या घड्या आणि धातुक (ज्यातून धातू काढतात तो खडक) त्यानंतर, असा ठेवला आहे.

उदाहरणासाठी नागपूर-भंडाऱ्याचा मँगनीज पट्टा घेतो. छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा ओलांडून बालाघाटपर्यंत कमानीसारखा वळलेला हा पट्टा, भूशास्त्राच्या भाषेत सौसर पट्टा, दोनशे किलोमीटरहून लांब आहे. इथे १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाले. त्याच्याच वारशातून १९६२ मध्ये मँगनीज काढणारी आजची सरकारी कंपनी मॉइल उभी राहिली. शंभर वर्षांहून जास्त काळाचे लिखित काम उपलब्ध आहे, महामार्गावरून पोहोचता येते, आणि भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय व भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय नागपुरातच आहे. शिकण्यासाठी याहून सोयीचा पट्टा महाराष्ट्रात दुसरा नाही, असे माझे मत आहे.

पायरी १: प्रश्न छोटा ठेवा

‘सौसर पट्ट्यातील मँगनीज’ हा प्रबंधाचा विषय होऊ शकतो, महिनाभराच्या कामाचा नाही. त्याऐवजी ‘मनसर आणि कांद्री यांमधला मँगनीजचा थर एकच आहे की दोन?’ किंवा ‘कचरवाहीजवळ पेग्मटाइट (दुसऱ्या खडकांत घुसलेला, मोठ्या स्फटिकांचा अग्निजन्य खडक) धातुकाला भेटतो तिथे कोणती खनिजे तयार झाली?’ असा प्रश्न घ्या. चांगल्या प्रश्नाची कसोटी म्हणजे त्याचे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकले पाहिजे. ‘या भागाच्या भूशास्त्राचा अभ्यास करणे’ याचे उत्तर ‘नाही’ येऊच शकत नाही, म्हणून तो प्रश्न नव्हेच.

क्षेत्रही आटोपशीर ठेवा. पहिल्यांदा काम करणाऱ्याला १५ ते २० चौरस किलोमीटर पुरेसे होतात.

पायरी २: घरी बसून करायचे काम

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो आणि सर्वांत जास्त तोच टाळला जातो.

सुरुवात टोपोशीटपासून करा. मनसर-रामटेक परिसर भारतीय सर्वेक्षणाच्या ५५ ओ/७ या शीटवर येतो, त्याच्या उत्तरेचा देवलापारचा भाग ५५ ओ/६ वर. ही शीट १:५०,००० प्रमाणाची असते, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. समोच्च रेषा नीट पाहिल्या तर लांबट, एकमेकींना समांतर टेकड्या दिसतात. त्यांची दिशा साधारण पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य आहे. टणक क्वार्ट्झाइट (वालुकाश्म रूपांतरित होऊन बनलेला) आणि गोंडाइट (मँगनीजचा गार्नेट असलेला खडक) झिजायला वेळ घेतात म्हणून टेकड्या होऊन उरतात, मऊ शिस्ट (पापुद्र्यांचा खडक) मधल्या खोलगट भागात जातो. घरबसल्याच तुम्हाला खडकांच्या पट्ट्यांचा अंदाज आलेला असतो.

मग भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ पोर्टलवरून भूशास्त्रीय नकाशा मिळवा. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडारावर भूरसायन आणि भूभौतिकीची माहितीही मिळते. इस्रोचे ‘भुवन’ आणि सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रे मोफत आहेत. हे सगळे क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत संगणक-प्रणालीत एकावर एक लावा. उपग्रहचित्र उन्हाळ्याचे घ्या. पावसाळ्यानंतरच्या चित्रात साग आणि धानाची हिरवाई सगळे झाकून टाकते.

जुने वाङ्मय वाचताना एक नाव चुकवू नका: लुईस ली फर्मोर. भारतातल्या मँगनीज साठ्यांवरचा त्याचा प्रचंड ग्रंथ भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. मनसर, कांद्री, बेलडोंगरी, लोहडोंगरी, कचरवाही, सातक, गुमगाव या सगळ्यांची वर्णने त्यात आहेत. आज त्यांतल्या कित्येक खड्ड्यांत पाणी भरले आहे किंवा ते बुजले आहेत. जो खडक आता दिसत नाही तो फर्मोरने पाहिला होता, म्हणून त्याची निरीक्षणे अजूनही कामाची आहेत. त्याचे निष्कर्ष मात्र सगळे जसेच्या तसे घेऊ नका. निरीक्षण वेगळे आणि अर्थ लावणे वेगळे, हे जुना ग्रंथ वाचतानाच अंगी बाणवायला हवे.

पायरी ३: स्तरक्रम पाठ करा

हे खडक सौसर गटाचे. सर्वांत खाली, पाया म्हणून, तिरोडी नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक). त्यावर सीतासावंगी फॉर्मेशन (नकाशावर वेगळा दाखवता येणारा खडकांचा संच): क्वार्ट्झाइट आणि अभ्रकाचा शिस्ट. त्यावर लोहांगी: संगमरवर आणि कॅल्क-सिलिकेट (कॅल्शियमच्या सिलिकेट खनिजांचे) खडक. मग मनसर: अभ्रकाचा शिस्ट, आणि त्यातच गोंडाइट व मँगनीज धातुकाचे थर. त्यावर चोरबावलीचा क्वार्ट्झाइट, मग जुनेवानीचा शिस्ट आणि सर्वांत वर बिचुआचा डोलोमाइटयुक्त संगमरवर. बहुतेक नावे गावांची आहेत, त्यामुळे नकाशावर ती गावे शोधली की क्रम लवकर लक्षात राहतो.

या यादीतच एक सापळा आहे. शिस्ट एकाहून अधिक जागी आहे, क्वार्ट्झाइट दोनदा आहे, संगमरवर दोनदा आहे. एकटा खडक पाहून फॉर्मेशन सांगता येत नाही. त्याच्या वर आणि खाली काय आहे ते पाहावेच लागते. संगमरवराच्या बाबतीत निदान एक सोपी चाचणी आहे. दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की कॅल्साइटचा संगमरवर लगेच फसफसतो. डोलोमाइटचा थंड बसतो, पण चाकूने खरवडून केलेल्या भुकटीवर थेंब टाकला की हळूहळू बुडबुडे येतात. लोहांगीचा संगमरवर बहुतांशी पहिल्या प्रकारचा आणि बिचुआचा दुसऱ्या. अपवाद आहेत, तरी मैदानात ही चाचणी खूप वेळ वाचवते.

सौसरचे वय हा अजून वादाचा विषय आहे. हे खडक प्रोटेरोझोइक (सुमारे २५० ते ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या) काळातले आहेत आणि त्यांच्यावर सुमारे ९० ते १०० कोटी वर्षांपूर्वीच्या रूपांतरणाचा, म्हणजे उष्णता आणि दाबाने खडक बदलण्याचा, ठसा आहे, एवढे धरून काम सुरू करायला हरकत नाही.

पायरी ४: परवानगी, हंगाम, सामान

चालू खदानीत लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. कंपनीला महाविद्यालयाच्या लेटरहेडवर अर्ज करा. तारीख, नावे आणि कोणता भाग पाहायचा हे स्पष्ट लिहा. आत गेल्यावर हेल्मेट, बूट आणि सोबतचा माणूस सांगेल ती वाट, यात तडजोड नाही. बंद पडलेल्या जुन्या खड्ड्यांत तर अजिबात उतरू नका; त्यांच्या भिंती पावसाळ्यानंतर कधी ढासळतील याचा नेम नसतो. चोरबावली आणि देवलापारच्या बाजूला पेंच व्याघ्र प्रकल्पाचे जंगल लागते. तिथे वनखात्याची परवानगी लागते आणि दगड उचलण्यावरही बंधने असतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. एप्रिलनंतर विदर्भातल्या उन्हात काळ्या खडकावर हात ठेवता येत नाही.

सामानात हातोडा, ब्रंटन किंवा क्लिनोमीटर कंपास, दहा पट मोठे दाखवणारे भिंग, जीपीएस, मोजपट्टी, आम्लाची छोटी बाटली, रेघ ओढायला पांढरी टाइल, चुंबक, जाड पिशव्या, पक्की शाई आणि बांधणीची वही. मोबाइलमधला कंपास धातुकाजवळ भरवशाचा नाही. खरे तर ब्रंटनही नाही. जेकबसाइट किंवा मॅग्नेटाइट ही चुंबकीय खनिजे असलेल्या थरावर ठेवला की सुई फिरते. अशा ठिकाणी दोन-तीन मीटर मागे येऊन वाचन घ्या आणि दोन्ही वाचने वहीत लिहा. सुई हलली, हीदेखील नोंदच आहे.

पायरी ५: थरांना आडवे चाला

ट्रॅव्हर्स, म्हणजे निरीक्षणासाठी आखलेली वाट, नेहमी थरांच्या दिशेला काटकोनात. टेकडीच्या कण्यावरून लांबीने चालणे सोपे असते, पण दिवसभर एकच खडक दिसत राहतो. इथे थर साधारण पूर्व-पश्चिम पसरलेले असल्याने तुमच्या वाटा उत्तर-दक्षिण हव्यात. १:१०,००० प्रमाणाच्या नकाशासाठी दर २५० मीटरला एक वाट ठेवा. सगळ्या वाटा झाल्या की मगच मँगनीजच्या थराचा माग धरून त्याच्या लांबीने चाला.

नाले सोडू नका. मातीने झाकलेल्या भागात खडक पाहायला नाल्याचे पात्र, विहिरीतून काढलेला दगड आणि रस्त्यासाठी कापलेली बाजू एवढ्याच जागा मिळतात. नवी विहीर खणलेली दिसली की शेतकऱ्याला किती फुटांवर कोणता दगड लागला ते विचारा. मनसरच्या दक्षिणेला नदीच्या गाळाखाली सौसरचे खडक दिसेनासे होतात, तिथे ही माहिती सोन्यासारखी असते.

प्रत्येक ठिकाणी वहीत काय लिहायचे? ठिकाणाचा क्रमांक व अक्षांश-रेखांश, खडक, ताज्या फुटीवरचा रंग, कणांचा आकार, ओळखता आलेली खनिजे, थरांचा स्ट्राइक (थराची आडवी दिशा) व डिप (खाली कलण्याचा कोन), पत्रण (खडकाचे पापुद्रे) वेगळे असेल तर त्याचे वेगळे वाचन, रेषीय रचना (छोट्या घड्यांचे अक्ष, खडकावरच्या समांतर रेघा) आणि शेजारच्या खडकाशी असलेला संपर्क: तीव्र, हळूहळू बदलणारा की तुटलेला. सोबत स्केच. फोटो कितीही काढा, स्केच काढताना डोळा जे पाहतो ते फोटो काढताना पाहत नाही.

जाडी मोजताना घोटाळा होतो. सपाट जमिनीवर थराची रुंदी १२ मीटर भरली आणि डिप ६० अंश असेल, तर खरी जाडी १२ गुणिले साइन ६०, म्हणजे सुमारे १०.४ मीटर. उतारावर हे सूत्र बदलते, तिथे उताराचा कोनही मोजून घ्या.

पायरी ६: घड्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सौसरचे खडक एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा दुमडले गेले आहेत. आधीच्या घड्या इतक्या घट्ट आहेत की दोन्ही बाजू जवळजवळ समांतर झाल्या, आणि नंतरच्या दाबाने त्या घड्याही वळल्या. डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३६ मध्ये देवलापार परिसरात खडकांची मोठी चादर दुसऱ्या खडकांवर सरकून आल्याची मांडणी केली. नंतरच्या अभ्यासकांनी तिच्यावर बरीच हरकत घेतली. दोन्ही बाजू वाचून मग मैदानात गेलात तर काय तपासायचे ते नेमके कळते.

व्यवहारात प्रश्न असा येतो: एकाच वाटेवर मँगनीजचा थर तीनदा लागला. तीन थर आहेत की एकच थर तीनदा आला? शेजारचे खडक क्रमाने लिहा. क्वार्ट्झाइट, शिस्ट, मँगनीज, शिस्ट, संगमरवर असा क्रम गेला आणि पुढे संगमरवर, शिस्ट, मँगनीज, शिस्ट, क्वार्ट्झाइट असा उलटा आला, तर मध्ये घडी आहे. क्रम त्याच दिशेने पुन्हा आला, तर भ्रंशाने (खडक तुटून सरकल्याने) थर दुहेरी झाला असण्याची शक्यता तपासा. क्रमात अजिबात साम्य नसेल, तेव्हाच वेगळे थर म्हणा.

छोट्या घड्या इथे मोठ्या कामाच्या. हातभर लांबीच्या घडीचा अक्ष जितका आणि ज्या दिशेला कलतो, बहुधा तितकाच आणि त्याच दिशेला मोठ्या घडीचाही कलतो. आणि धातुक घडीच्या वळणाशी जाड होते, बाजूंवर पातळ. म्हणजे जाड धातुक शोधायचे तर घडीच्या वळणामागे जमिनीखाली जायचे. समजा अक्ष ३० अंशांनी कललेला मोजला. जमिनीवर दिसणाऱ्या वळणापासून कलाच्या दिशेने १०० मीटर पुढे गेलात तर तेच वळण सुमारे ५८ मीटर खोल असायला हवे. बोअरहोल कुठे घ्यायचे याचा पहिला अंदाज असा, एका कोनावरून येतो. म्हणून रेषीय रचनेची वाचने कंटाळा न करता घ्या. विद्यार्थ्यांच्या वह्यांत हीच सर्वांत कमी सापडतात.

पायरी ७: धातुक ओळखणे

आता मँगनीजकडे. पहिली सूचना म्हणजे वरचा काळा रंग पाहून काही ठरवू नका. मँगनीजचा पातळ लेप साध्या क्वार्ट्झाइटलाही काळा करतो. फोडा, ताजी बाजू पाहा.

गोंडाइट हा या पट्ट्याचा खास खडक. गोंडांच्या प्रदेशावरून फर्मोरने त्याला हे नाव दिले. स्पेसार्टिन नावाचा मँगनीजचा गार्नेट आणि गारगोटी एवढाच त्याचा मूळ मसाला. भिंगाखाली नारिंगी-तपकिरी दाणे दिसतात, हातोडा मारला की खणखणीत आवाज येतो. गोंडाइट स्वतः धातुक नव्हे. पण धातुकाचे थर त्याच्याशी इतके लगटून असतात की गोंडाइट दिसला की शोध जवळ आला असे समजा.

धातुकातले मुख्य खनिज ब्राउनाइट: पोलादी करडे ते काळे, कठीण, चाकूने ओरखडा उठत नाही, रेघ (पांढऱ्या टाइलवर घासल्यावर उमटणारी) तपकिरी-काळी. पायरोलुसाइट त्याच्या उलट, बहुधा मऊ, बोटे काळी करणारे, रेघ काळी. क्रिप्टोमेलेनसारखी खनिजे गोलसर, द्राक्षांच्या घोसासारख्या गुठळ्यांत मिळतात. हॉसमनाइटची रेघ तपकिरी. रेघ लालसर आली तर हेमॅटाइट समजा. चुंबक जोरात ओढला गेला तर जेकबसाइट किंवा मॅग्नेटाइट. गुलाबी ऱ्होडोनाइट दिसायला देखणे, पण धातुक म्हणून त्याला कोणी विचारत नाही.

ऑक्साइड आहे की नाही याची झटपट चाचणी म्हणजे औषधाच्या दुकानातले हायड्रोजन पेरॉक्साइड. मँगनीजच्या ऑक्साइडवर थेंब पडताच जोरात फेस येतो, ग्रॅफाइटसारख्या काळ्या खडकावर येत नाही. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल मात्र पायरोलुसाइटवर टाकू नका, बंद खोलीत तर कधीच नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. धातुक कुटताना मास्क लावा. मँगनीजची धूळ दीर्घकाळ छातीत गेली तर मज्जासंस्थेला अपाय करते.

घनता घरच्या काट्यावरही मोजता येते. तुकडा हवेत ४८० ग्रॅम आणि दोरीने पाण्यात लटकवून ३७२ ग्रॅम भरला, तर ४८० भागिले दोन्हींतला फरक १०८, म्हणजे ४.४४. शुद्ध ब्राउनाइट ४.७ ते ४.८ च्या घरात, गारगोटी २.६५. तुमचा तुकडा बऱ्यापैकी धातुक आहे, थोडी भेसळ आहे.

पायरी ८: नमुने

सुंदर तुकडा संग्रहासाठी ठेवा, विश्लेषणासाठी नको. विश्लेषणासाठी चॅनेल नमुना घ्यायचा. थराला काटकोनात, साधारण १० सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर खोल अशी सलग खाच पाडून निघालेला सगळा माल खाली अंथरलेल्या कापडावर गोळा करायचा. खडक बदलला की पिशवी बदलायची. मग फोडून, ढीग करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन ठेवायचे, आणि नमुना पुरेसा लहान होईपर्यंत हेच पुन्हा. दर वीस नमुन्यांमागे एक नमुना दुहेरी, वेगळ्या क्रमांकाने पाठवा. प्रयोगशाळा किती सातत्याने मोजते ते त्यावरून कळते.

सरासरी काढताना जाडीचा भार धरावा लागतो. समजा एका खाचेत १.५ मीटरला ४६ टक्के, ०.८ मीटरला २२ टक्के आणि १.७ मीटरला ४१ टक्के मँगनीज आले. तिन्हींची साधी सरासरी ३६.३ येते. जाडीने गुणून बेरीज १५६.३, ती एकूण ४ मीटरने भागली की ३९.१. जवळजवळ तीन टक्क्यांचा फरक पडला, आणि धातुकाच्या किमतीत तीन टक्के लहान नव्हेत.

फक्त मँगनीजचा आकडा मागू नका. लोह, सिलिका, ॲल्युमिना आणि फॉस्फरसही मागा. फेरोमँगनीज बनवणाऱ्याला मँगनीज-लोहाचे गुणोत्तर ७ च्या आसपास किंवा जास्त लागते, आणि फॉस्फरस जास्त असेल तर टक्केवारी चांगली असूनही माल नाकारला जातो.

पायरी ९: सूक्ष्मदर्शकाखाली

शिस्ट, संगमरवर आणि गोंडाइटसाठी ०.०३ मिलिमीटर जाडीचा पातळ छेद. धातुक अपारदर्शक असल्याने त्याचा पॉलिश केलेला छेद लागतो आणि परावर्तित प्रकाश. हॉसमनाइट आतून गडद लाल झाक दाखवते, जेकबसाइट ऑलिव्हसारखे करडे आणि सर्व दिशांना सारखे. या दोघांच्या पट्ट्या एकमेकींत गुंफलेल्या दिसल्या तर ते व्रेडेनबर्गाइट. खनिज ओळखण्यापेक्षा क्रम ओळखणे महत्त्वाचे. ब्राउनाइटच्या कणांच्या कडा १२० अंशांच्या जवळ भेटत असतील तर ते तापून पुन्हा स्फटिकले आहे. पायरोलुसाइटची शीर ब्राउनाइट कापून जात असेल तर पायरोलुसाइट नंतरचे.

पट्ट्यात रूपांतरणाची तीव्रता बालाघाटकडून पश्चिमेला, नागपूर-छिंदवाड्याकडे वाढत जाते. एकाच प्रकारच्या मूळ गाळातून वेगवेगळ्या ठिकाणी वेगळी खनिजे का तयार झाली याचे बरेचसे उत्तर या तापमानाच्या फरकात आहे. कचरवाहीची गोष्ट थोडी निराळी. तिथे पेग्मटाइट मँगनीजच्या खडकात घुसला आणि ब्लॅनफोर्डाइट हा गुलाबी-निळा रंग बदलणारा पायरॉक्सिन तयार झाला. फर्मोरने तो तिथूनच वर्णन केला. संधी मिळाली तर हा छेद जरूर पाहा, सूक्ष्मदर्शकाचा मंच फिरवताना रंग बदलताना पाहणे हा या कामातला निखळ आनंदाचा भाग आहे.

पायरी १०: हे आले कुठून?

आता उत्पत्तीचा प्रश्न हाती घ्यायचा. पुरावे रांगेत मांडा. धातुकाचे थर शेजारच्या थरांना समांतर आहेत. मैलोन्‌मैल त्याच पातळीवर, मुख्यतः मनसर फॉर्मेशनमध्ये, सापडतात. शेजारच्या खडकांबरोबरच दुमडले आहेत. पेग्मटाइट त्यांना कापून जातात. म्हणजे मँगनीज घड्या पडण्याआधीपासून तिथे होते, आणि ते समुद्रतळावर गाळाबरोबर बसले हा अर्थ सर्वांत सरळ लागतो. पाण्यात विरघळलेले मँगनीज ऑक्सिजन मिळताच ऑक्साइड होऊन खाली बसते. लोह त्याच्याआधीच बसून जाते, कारण त्याला त्यासाठी कमी ऑक्सिजन पुरतो. त्यामुळे दोन्ही धातू वेगळे होतात आणि मँगनीजचा कमी लोहाचा थर मिळू शकतो. ते मँगनीज समुद्रात ज्वालामुखीच्या उष्ण पाण्यातून आले की जमिनीवरच्या खडकांच्या झिजेतून, यावर मात्र अजून एकमत नाही, आणि तुमच्या चार खाचांवरून तुम्ही त्याचा निकाल लावू नये.

याच्या वर दुसरी, खूप अलीकडची प्रक्रिया आहे. पावसाचे पाणी मुरून वरच्या भागातले ब्राउनाइट आणि मँगनीज सिलिकेट बदलून पायरोलुसाइटसारखे डायऑक्साइड तयार होते. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खदानीतून ड्राय बॅटरीला लागणारे डायऑक्साइड धातुक निघते. बालाघाटची खदान भूमिगत आणि आशियातल्या सर्वांत खोल मँगनीज खदानींपैकी एक. पृष्ठभागावरचा नमुना घेऊन खोलीवरच्या मालाबद्दल बोलताना ही दोन थरांची गोष्ट विसरू नका.

पायरी ११: छेद काढा, मग टनाचा हिशेब

नकाशा झाल्यावर घडीच्या अक्षाला काटकोनात निदान दोन भूशास्त्रीय छेद काढा, उभे आणि आडवे प्रमाण सारखे ठेवून. उभे प्रमाण वाढवले की डिपचे कोन खोटे होतात. टनाचा हिशेब सोपा: लांबी ३०० मीटर, जाडी ४ मीटर, खोली ३० मीटर, घनता ४, म्हणजे १,४४,००० टन. यातली लांबी आणि जाडी तुम्ही मोजली, खोली मात्र गृहीत धरली. म्हणून भारतात संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणानुसार जी-४ टेहळणीपासून जी-१ सविस्तर शोधापर्यंत टप्पे ठरलेले आहेत. विद्यार्थ्याचे काम जी-४ च्या पुढे जात नाही, आणि अहवालात ‘साठा’ हा शब्द जपून वापरा.

हीच पद्धत दुसरीकडे

सगळे साठे थरांचे नसतात. नागपूरच्या आग्नेयेला कुही-खोबना भागात साकोली गटाच्या खडकांत टंगस्टन आहे, आणि तिथे गारगोटीच्या शिरांचा व त्यांच्या कडेने बदललेल्या खडकाचा माग काढावा लागतो. शीलाइट हे टंगस्टनचे खनिज शोधायला रात्री लघुलहरी अतिनील दिवा न्यावा लागतो, ते निळसर पांढरे चमकते. गडचिरोलीच्या सुरजागडला किंवा गोव्यात पट्टेदार लोहखडक आणि त्यावर झालेले समृद्धीकरण, म्हणजे मँगनीजसारखीच दुहेरी गोष्ट. कोल्हापूरच्या सह्याद्रीतले बॉक्साइट मात्र पूर्ण वेगळे. तिथे घड्या-बिड्या काही नाहीत, बसाल्टवरचे सडे, त्यांची उंची आणि जांभ्याखालचा क्रम पाहायचा. कुठल्याही ठिकाणी पहिला प्रश्न हाच: धातुक थरात आहे, शिरेत आहे की झिजेच्या आवरणात? चालण्याची दिशा, नमुन्याची पद्धत आणि बोअरहोलची जागा, तिन्ही या उत्तरावर ठरतात.

अहवाल

निरीक्षणांचे प्रकरण आणि अन्वयार्थाचे प्रकरण वेगळे ठेवा. नकाशावर प्रत्यक्ष पाहिलेला संपर्क अखंड रेषेने, अंदाजाने काढलेला तुटक रेषेने. प्रत्येक रासायनिक आकड्याला नमुना क्रमांक, आणि त्या क्रमांकाला नकाशावर ठिपका हवाच. तोंडी परीक्षेत परीक्षक बहुधा तुटक रेषेवरच बोट ठेवतो आणि ‘ही इथेच का?’ असे विचारतो. त्या रेषेच्या दोन्ही टोकांची मैदानी वाचने वहीत आहेत ना, हे आदल्या रात्री पाहून ठेवा. नमुन्यांचे उरलेले अर्धे भाग क्रमांकासह विभागाच्या संग्रहात जमा करा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना तोच खडक पुन्हा मोजून पाहता येईल.